बसऱ्याची बटणे

वाडवडिलांकडून लोकांना काय काय मिळतं! कुणाला वाडा मिळतो, कुणाला वाड्यातला भाडेकरू मिळतो. माझ्या एका मित्राला आजोबांकडून दमा मिळाला आणि त्याच्या धाकट्या भावाला घर मिळालं. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या वाट्याला पणजोबांची बटणं आली.

बटणं एकूण तेवीस. हंटले अँड पामर्स या विलायती कंपनीच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती होती. सोबत एक खळगेखळगे असलेलं पितळी टोपण आणि सुतळीनं बांधलेला वह्यांचा गठ्ठा. वह्या मोडीत होत्या, म्हणजे आमच्या घराण्यापुरत्या त्या कोऱ्याच होत्या. मोडी वाचता येत नसल्यामुळे आमच्या घराण्यात पूर्वजांविषयी आदर टिकून आहे, असं माझं मत आहे.

पणजोबा नगरचे. आता या शहराचं नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर आहे, त्याआधी अहमदनगर होतं. पण आम्ही नगरकर दोन्ही वेळा नगरच म्हणत आलो, त्यामुळे आमचं फारसं काही बिघडलं नाही. तर पणजोबा नगरजवळच्या भिंगारचे, लष्कराच्या कँपाला अगदी लागून. ते 'मिलिटरीत होते' एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे नक्की काय होते, हे विचारायची पद्धत नव्हती. सोजीर आणि शिपाई रस्त्यात त्यांना थांबून सलाम करीत, असं माझी आत्या सांगायची. तिनं हे तिच्या आजीकडून ऐकलेलं.

आमच्या काकांनी या एका सलामावर एक मोहीम उभी केली. काका आता सत्त्याऐंशीचे आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमचा कुलवृत्तांत लिहिला. बत्तीस पानं, तीनशे प्रती. त्यांतल्या दोनशे चाळीस अजून त्यांच्या कॉटखाली आहेत आणि पाहुण्यानं चपला घातल्या की एकेक बाहेर येते. सातव्या पानावर मजकूर आहे : 'आमचे आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या मोहिमेवर गेले व तेथे त्यांनी मोठा पराक्रम गाजविला.' खाली बटणांचा काळपट फोटो आणि फोटोखाली 'सन्मानचिन्हे'.

गेल्या वर्षी काकांनी दुसरी आवृत्ती काढायची ठरवली. पहिली संपल्याशिवाय दुसरी काढू नये, असा काही कायदा नाही. मला बोलावून डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू जरा शिकलेला आहेस. या बटणांची शास्त्रशुद्ध माहिती काढ. बाकी सगळं मी लिहिलेलंच आहे. तुला फक्त पुरावा आणायचाय."

निकाल आधी आणि पुरावा मागाहून, ही आपल्याकडची इतिहास लिहिण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

काकांनी बटणांची वर्गवारी करून ठेवलीच होती. पाच बटणं पांढरी, चमकदार : ती बसऱ्याच्या मोत्यांची. दोन चांदीची, त्यांवर मुकुट घातलेल्या बाईचा चेहरा : ही चांदबिबी. चार पितळी, त्यांवर एकमेकांत गुंतलेली इंग्रजी अक्षरं : जी, आय, पी आणि आर. काकांच्या मते 'ग्रेट इंडियन पेशवा रेजिमेंट'. दोनांवर नांगर. हा कान्होजी आंग्र्यांचा, असं काका म्हणत. आत्याचा मात्र शेवटपर्यंत आग्रह होता, की नांगर आहे म्हणजे शेती आली, आणि त्या अर्थी आपली कुठेतरी जमीन असली पाहिजे. सहा बटणांवर नुसता मुकुट. बाकी चारांपैकी एक मोडकं, म्हणून त्याचा फोटो काढला नव्हता, आणि तीनांवर कसलंसं शिंग. पितळी टोपण हे तिरंदाजानं बोटात घालायचं, असा तळटीपेत उल्लेख होता.

एकाच माणसानं चांदबिबी, आंग्रे, पेशवे आणि इंग्रज या सर्वांकडे नोकरी केली, तर त्याला पेन्शन तरी किती मिळावं! पण काकांशी वाद घालायचा म्हणजे आधी जेवून जावं लागतं.

मी डबा घेऊन पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे एक गृहस्थ जुनी नाणी, बिल्ले, कुलपं असं काहीबाही मांडून बसतात. त्यांनी माझी बटणं एका फडक्यावर ओतली आणि एकेक करीत सगळी पालथी घातली. मी म्हटलं, "अहो, चित्र वरच्या बाजूला आहे."

"साहेब," ते म्हणाले, "बटण तोंडाकडून वाचायचं नसतं. पाठीकडून वाचायचं. तोंडावर काय, कुणीही राजा काढतो. पाठीवर करणाऱ्याचं नाव असतं."

हे वाक्य बटणांखेरीज इतरत्रही लागू पडेल असं मला वाटलं, पण त्यांनी विचार करायला वेळ दिला नाही. भिंग माझ्या हातात कोंबून म्हणाले, "वाचा."

मुकुटाच्या बटणांच्या पाठीवर बारीक गोल अक्षरांत लिहिलं होतं : फर्मिन अँड सन्स, लंडन. हे घराणं सतराव्या शतकापासून गणवेशांची बटणं करत आलेलं. काही बटणांवर बर्मिंगहॅमचं नाव होतं. बर्मिंगहॅम हे एके काळी बटणांचं गाव होतं. पत्र्याचे दोन तुकडे, एक वरचा फुगीर, एक खालचा सपाट, काठाशी दुमडून एकमेकांत बसवायचे आणि खालच्याला तारेची कडी डाखायची, अशी ती बटणं तिथे एकोणिसाव्या शतकात ढिगांनी होत. आपल्याकडे त्या कडीचा एक खास उपयोग झाला. पांढऱ्या कापडाच्या गणवेशाला काजांची छिद्रं दोन्ही बाजूंना ठेवायची, बटणाची कडी आरपार घालायची आणि आतून तिच्यात एक लहानसं कडं अडकवायचं. म्हणजे कपडा धुवायला टाकताना बटणं काढून घेता येतात. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्यालाही आपल्या परटाच्या दगडापुढे हात टेकावे लागले, याचा मला आनंद झाला.

मग मुकुट. मुकुटाचा माथा मध्ये खचलेला असेल तर राणी आणि फुगीर असेल तर राजा, असा ठोकताळा आहे. व्हिक्टोरियाच्या अमदानीतला मुकुट खचका. १९०१ साली सातवा एडवर्ड आला आणि मुकुट फुगला. तो थेट सहाव्या जॉर्जपर्यंत, म्हणजे १९५२ पर्यंत फुगलेलाच राहिला. एलिझाबेथबरोबर पुन्हा खचला आणि २०२२ मध्ये तिसऱ्या चार्ल्सनं पुन्हा फुगवून घेतला. आमच्या डब्यातले मुकुट सगळे फुगीर होते. म्हणजे ती बटणं १९०१ नंतरची. पेशवाई तिथेच निकालात निघाली. तशीही ती निघायलाच हवी होती, कारण पेशव्यांच्या अंगरख्याला बटणं नव्हतीच, बंद होते. बाराबंदीला बारा बंद. बटण हा प्रकार आपल्याकडे फोफावला तो गोऱ्या लोकांबरोबर. 'काज' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या 'कासा'वरून आला, असं जाणकार सांगतात. कासा म्हणजे घर. बटणाचं घर ते काज. आम्ही मात्र लहानपणी काज म्हणजे काजूचा धाकटा भाऊ समजत होतो.

पेशवा रेजिमेंटचं काय झालं ते सांगायला नकोच. जी. आय. पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, हे माझ्या पिढीलासुद्धा कळायला हवं होतं. आमची नगरची दौंड–मनमाड लाईन १८७८ साली सुरू झाली ती हीच कंपनी चालवायची. पुढे १९५१ साली तिची मध्य रेल्वे झाली. बटणं तिच्या कुणा स्टेशन मास्तराच्या नाहीतर गार्डाच्या कोटाची. चांदबिबी पालथी केली तर तिच्या पाठीवर डाख आणि कडी. नीट पाहिल्यावर ती व्हिक्टोरिया निघाली. चांदीची चवली, म्हणजे दोन आण्याचं नाणं. त्याला कडी डाखून लोक हौसेनं बटणं करून घेत. मला जरा वाईट वाटलं. किल्ल्यातले गोळे संपल्यावर चांदबिबीनं आधी तांब्याची, मग रुप्याची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफांत भरून मोगलांवर सोडली, ही दंतकथा प्रत्येक नगरकर पोर ऐकून असतं. तिची दोन नाणी न उडता आमच्याकडे राहिली असती तर बरं झालं असतं.

बसऱ्याची मोती शिंपल्याची निघाली. शिंपल्याचं बटण ओठाला लावलं की गार लागतं, आणि पालथं केलं की त्याच्या पाठीवर शिंपल्याचा मूळचा खरबरीत पापुद्रा कधीकधी दिसतो. पाचांपैकी दोनांवर तो दिसला.

नांगराच्या बटणांनी मात्र त्या गृहस्थांनाही थांबवलं. पाठीवर लिहिलं होतं 'एक्स्ट्रा फाइन'. पण फाइनचं स्पेलिंग चुकलेलं : एफ, ई, आय, एन. काकांना हे पूर्वीच दिसलेलं होतं आणि 'इंग्रजांनाही इंग्रजी येत नसे' असा त्यांनी कुलवृत्तांतात टोला मारला होता. जुन्या बाजारवाले हसले. "हे इंग्रजी नाही, जर्मन आहे. फाइन त्यांच्यात असंच लिहितात. जर्मन बटणांवर हे नेहमी असतं. पण जर्मन बटण तुमच्या नगरला कसं गेलं?"

ते मात्र मी सांगू शकलो. १९१४ साली लढाई सुरू झाल्यावर सरकारनं हिंदुस्थानातले जर्मन – व्यापारी, मिशनरी, जहाजांवरचे लोक – धरले आणि नगरच्या तळात आणून ठेवले. नगरला माणसं कोंडून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. १९४२ साली नेहरू, पटेल, आझाद आले ते किल्ल्यात. त्याआधी हे जर्मन. नांगर कुणा खलाशाच्या कोटावरचा असणार.

परतीच्या एस. टी.त मी डबा मांडीवर घेऊन बसलो आणि शिरूरच्या आसपास मला घाम फुटला. जर्मन खलाशी, जी. आय. पी.चा गार्ड, लष्करातले हुद्देदार, चवलीची बटणं लावणारा शौकीन आणि शिंपल्याची बटणं लावणारी कुणी मडम. या सगळ्यांची बटणं ज्याच्या एका डब्यात जमा होतात असा कँपातला माणूस कोण? शिपाई नव्हे, सुभेदार नव्हे. आणि ते खळगेखळगे असलेलं टोपण! मी ते बोटात घातलं. बरोबर बसलं. सुई टोचू नये म्हणून शिंपी जे घालतात ते अंगुस्तान होतं ते.

आमचे पणजोबा मिलिटरीतच होते. मिलिटरीचे कपडे शिवत होते. सोजीर त्यांना सलाम का करीत, तेही कळलं. ज्याच्याकडे आपली विजार आहे त्या माणसाला सगळेच सलाम करतात.

घरी आल्यावर मी हे हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग त्यात काय झालं? कष्टानं खाल्लं." बरोबर आहे. पण आमच्या आजोबांना सरकारी कचेरीत नोकरी लागली त्याच वर्षी शिवणयंत्र माळ्यावर गेलं आणि शिवणकाम हा शब्दही त्याच्याबरोबर वर गेला, हे आता कुठे माझ्या ध्यानात येत होतं. आमच्या घरात उसवलेला शर्टसुद्धा बाहेर शिवायला जायचा. घरात सुई मिळत नसे.

काकांना कसं सांगायचं, हा प्रश्न होता. शिंगाची तीन बटणं अजून उरली होती. म्हटलं, त्यांचं पाहू, निदान शिंगातून तरी काही निघालं तर. आमच्या गल्लीच्या टोकाला मराठा लाइट इन्फंट्रीतले एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बटण तळहातावर घेतलं आणि चष्मा पुसला.

"शिंग काय म्हणता? हा बिगुल आहे. लाइट इन्फंट्रीची खूण. आणि मध्ये आकडा दिसतोय का? एकशे तीन. ही आमची जंगी पलटण!"

त्यांनी मला खुर्चीत बसवून जो इतिहास सांगितला तो काकांच्या बत्तीस पानांपेक्षा थोडक्यात होता. पलटण उभी राहिली १७६८ साली, मुंबईच्या शिपायांची. पुढे ती मुंबई लष्कराची तिसरी पलटण. १९०३ साली किचनेरनं सगळ्या लष्कराचे आकडे नव्यानं लावले, तेव्हा मुंबईच्या जुन्या पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळवले आणि तिसरीची झाली एकशे तिसरी मराठा लाइट इन्फंट्री. १९२२ साली पुन्हा फेरजुळणी झाली आणि एकशे तीन हा आकडाच गेला. म्हणजे ज्या बटणावर तो आकडा आहे ते त्या एकोणीस वर्षांतलं. बटणाच्या जन्मतारखेचा याहून पक्का दाखला आपल्यापैकी पुष्कळांकडे नसेल.

"पण हे बघा," सुभेदार म्हणाले, "तुमची ती मुकुटवाली बटणं कोरी आहेत. कंगोरे धारदार आहेत. ती कपड्यावर चढलीच नाहीत. ही तीन वापरलेली आहेत. बिगुलाची दोरी जवळजवळ पुसून गेलीय. रोज पितळेची पट्टी मागे घालून पॉलिश केल्याशिवाय असं झिजत नाही. पाच-सहा वर्षं तरी कुणीतरी ही घासलीत. आणि कडीत दोरा आहे. कापून काढलीत." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पलटण कुतला होती, माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. नगरकर असून माहीत नव्हतं, हे जास्त. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधली सतरावी ब्रिगेड ही अहमदनगर ब्रिगेड म्हणून ओळखली जायची. एकशे तिसरी तिच्यातली. १९१४ च्या अखेरीस ही डिव्हिजन बसऱ्याला उतरली आणि तैग्रिस नदीच्या कडेनं बगदादच्या दिशेनं निघाली. १९१५ च्या नोव्हेंबरात तेसिफोनला तिचं पुढचं पाऊल अडलं, ती मागे फिरली आणि डिसेंबरात कुत-अल-अमाराला नदीच्या वळणात तुर्कांनी तिला कोंडलं. एकशे सत्तेचाळीस दिवस. शेवटी शेवटी घोडे आणि खेचरं कापली, आणि आपल्या पुष्कळ शिपायांनी ते मांस खायचं नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली तेव्हा सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली; त्यांत बहुसंख्य हिंदी. तिथून वाळवंटातून चालवत नेलेल्यांपैकी हजारो परत आले नाहीत.

बसरा खरा होता तर. माणूस दुसरा होता.

आता वह्या वाचून घेणं भाग होतं. मोडी वाचणारे एक वयस्क गृहस्थ सापडले. चार दिवस त्यांनी वह्या ठेवून घेतल्या. पाचव्या दिवशी गेलो तर त्यांनी कागदावर बाळबोधीत उतारा काढून ठेवला होता. बहुतेक सगळी जमाखर्चाची कलमं. 'गार्डसाहेब, कोट, काज ७.' 'जर्मन तळ, पाटलोण ४.' पैसे आले की कलमावर आडवी रेघ आणि पुढे 'पावले'. शके १८३६, भाद्रपद वद्य, म्हणजे १९१४ चा सप्टेंबर, या पानावर एक कलम असं :

'पलटण १०३, शिपाई पारनेरकडील. कोट १. कोपर ठिगळ व अस्तर शिवणे. आणे ६. पोहोच २. बाकी ४.'

वर रेघ नव्हती.

"गंमत पुढेच आहे," ते म्हणाले. दिवाळीच्या पाडव्याला पणजोबा नवी वही घालायचे आणि मागची येणी तिच्यात ओढायचे. १९१४ च्या पाडव्याच्या वहीत पहिल्या पानावर : 'पारनेरचा कोट, बाकी आणे ४.' पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. लढाई संपली, रुपयाचा भाव पडला, शिलाईचे दर वाढले, कोटाची बाकी चार आणेच. गठ्ठ्यात अशा वीस वह्या होत्या. शके १८५५ च्या, म्हणजे १९३३ च्या शेवटच्या वहीत अक्षर बरंच थरथरलेलं. तिथे लिहिलं होतं : 'पारनेरचा कोट कसरीने गेला. बटणे काढून राखली. बाकी आणे ४.'

मी काकांकडे गेलो तो जेवून गेलो. डबा, सुभेदारांनी सांगितलेलं टिपण आणि मोडीचा उतारा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. शिंपी हा शब्द मी 'वस्त्रप्रावरणांच्या व्यवसायात' अशा कापडात गुंडाळून सांगितला. काकांनी भिंग घेतलं, उतारा दोनदा वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार आणे म्हणजे पावली ना रे?"

"हो. पंचवीस पैसे."

"चालतात का अजून?"

"नाही. ३० जून २०११ पासून बंद झाले."

"म्हणजे आता तो आला तरी देणार कुठून!"

मग त्यांनी कॉटखालून कुलवृत्तांताचा गठ्ठा ओढायला सांगितला. सातवं पान काढून 'बसऱ्याच्या मोहिमेवर गेले'वर रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'भिंगार येथे शिवणकाम केले'. 'पराक्रम' या शब्दावर पेन जरा थबकलं. मग त्यावरही रेघ. अशा बावन्न प्रती त्यांनी त्या दुपारी दुरुस्त केल्या. त्रेपन्नावीला म्हणाले, हात दुखतो, राहिलेल्या तू कर. चांदबिबीची तळटीप मात्र त्यांनी तशीच ठेवली. तिच्याबद्दल त्यांचं अजून नक्की झालेलं नाही.

मी बटणं पुन्हा डब्यात भरू लागलो तेव्हा काकांनी माझा हात धरला.

"ती तीन त्यात टाकू नको. ती आपली नाहीत."

त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली होती. बिगुलाची तीन बटणं आता तिच्यात आहेत. बाटलीवर काकांनी चिठ्ठी चिकटवली आहे : पारनेर, आणे ४.